यकृताची वर्दी : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एके सकाळी माझ्या दवाखान्यात बेचाळिशीचे एक कारकून गृहस्थ पत्नीसह आले आणि विम्याच्या निमित्ताने करविलेल्या रक्ततपासणीचा कागद त्यांनी, कोर्टाचे समन्स पुढे करावे तशा मुद्रेने, माझ्या टेबलावर ठेवला. ‘एसजीपीटी’ या अक्षरांपुढे 64 हा आकडा ठळक टाइपात होता आणि त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढलेली होती. मी काही विचारण्यापूर्वीच बाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, आधीच सांगते, ह्यांच्या गळ्यात माळ आहे. आजवर थेंबाला शिवले नाहीत.” गृहस्थांनी सदऱ्याच्या गळपट्टीत बोट घालून तुळशीची माळ बाहेर काढून दाखविली, आणि मग हळूच सांगितले की, कचेरीतल्या एका स्नेह्याने कागद पाहून ‘लिव्हर ना? मग घेत असणारच’ असा शेरा सर्वांदेखत मारला होता. त्याच कागदावर उपाशीपोटीची साखर 104 आणि ट्रायग्लिसराइडे 188 असे आणखी दोन ठळक आकडे होते. परंतु त्यांच्याकडे घरच्यांचे, स्नेह्यांचे, किंबहुना विमेवाल्यांचेही फारसे लक्ष गेलेले नव्हते. मी खणातून शिंप्याची फीत काढली. “पँट 34चीच बसते मला,” असे ते अभिमानाने म्हणाले, आणि ते खरेही होते. कारण पट्टा पोटाच्या घेराखाली, कमरेच्या हाडांवर विसावलेला होता. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर फीत धरली तेव्हा ती 97 सेंटीमीटरांवर येऊन थांबली.

त्या सकाळी त्या गृहस्थांना जे समजावून सांगण्यास मला पुरता अवकाश मिळाला नाही, तेच सवडीने आणि सविस्तर सांगण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत पुस्तक होय. यकृतातील विकरांचे रक्तात दिसून येणारे प्रमाण आणि ज्याला आधुनिक वैद्यक ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणते तो विकार-समुच्चय, या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा त्याचा विषय. विषय वरकरणी रुक्ष आणि प्रयोगशाळेच्या चार भिंतींतला वाटला, तरी ज्या समाजात मद्याला न शिवणारे, अंगाने सडपातळ दिसणारे आणि स्वतःला निरोगी समजणारे असंख्य स्त्रीपुरुष हातात असा एखादा कागद घेऊन संभ्रमात उभे असतात, त्या समाजाच्या दृष्टीने तो अगदी घरातला आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘एन्झाइम’ला शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘विकर’ हा सुटसुटीत प्रतिशब्द रूढ केला आहे. तोच येथे स्वीकारला आहे. ‘मेटाबॉलिझम’साठी आपल्याकडे ‘चयापचय’ हा फार अर्थवाही शब्द आहे: चय म्हणजे साठविणे, अपचय म्हणजे मोडून खर्च करणे, अर्थात देहाचा जमाखर्च. या जमाखर्चाची कीर्द ज्या दफ्तरात लिहिली जाते ते दफ्तर म्हणजे यकृत. प्रौढ माणसात सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाच्या या अवयवाला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीनचतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेने येते. म्हणजे अन्नातून शोषलेली साखर आणि प्रथिनांचे घटक देहाच्या मुलखात शिरण्यापूर्वी या एका नाक्यावरून जातात, तेथे त्यांची मोजदाद होते, काही कोठारात पडतात, काही रूपांतरित होऊन पुढे रवाना होतात, आणि उपवासाच्या प्रहरी त्याच कोठारातून मेंदूला साखरेचा शिधा पोचता होतो.

या दफ्तरातील दोन कामगार येथे विशेष महत्त्वाचे. एकाचे जुने नाव एसजीओटी व नवे एएसटी. दुसऱ्याचे जुने नाव एसजीपीटी व नवे एएलटी. आपल्याकडच्या प्रयोगशाळांचे कागद अद्याप जुन्या नावांनाच चिकटून आहेत, आणि रुग्णांच्या तोंडीही तीच बसली आहेत. दोघांचेही काम एकाच जातीचे: एका रेणूवरील अमिनो-गट उचलून दुसऱ्यावर ठेवणे. त्यांतील एएलटी हा ॲलॅनिन नावाच्या अमिनो आम्लाचे पायरुव्हेटात रूपांतर करतो, आणि या पायरुव्हेटापासून यकृत नवी साखर घडवू शकते. तात्पर्य, जेथे प्रथिनाच्या घटकाची साखर होते त्याच दालनात हा कामगार राबतो. त्याची जागा पेशीच्या आत आहे. रक्तात तो अल्प प्रमाणातच आढळावा. पेशींची भिंत दुखावली, त्यांवर मेदाचा भार पडला वा दाह झाला, म्हणजे तो अधिक संख्येने बाहेर झिरपतो, आणि रक्तात दिसलेला तो जादा एएलटी म्हणजे दफ्तरात काही बिघाड झाल्याची पहिली वर्दी होय. वर्दी हा शब्द मी जाणूनबुजून योजतो. पूर्वीच्या काळी गावात काही आगळीक घडली की चावडीवर वर्दी जाई. वर्दी म्हणजे निकाल नव्हे आणि शिक्षा तर नव्हेच. वर्दी आली की चौकशी सुरू करावयाची, एवढाच तिचा अर्थ.

या तपासणीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. 1954 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी एएसटी हे विकर रक्तात वाढलेले दाखवून दिले, ते यकृताच्या नव्हे, तर हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णांत. त्यानंतर दोनच वर्षांत एएलटी आणि यकृताचे आजार यांची सांगड घातली गेली. 1957 साली राइटमन व फ्रँकेल यांनी रंगाच्या छटेवरून ही विकरे मोजण्याची सोपी रीत दिली, आणि मोठ्या संशोधनसंस्थांतील ही विद्या साध्या प्रयोगशाळांच्या आवाक्यात आली. हृदयाच्या शोधात निघालेली ही तपासणी यकृतापाशी येऊन स्थिरावली, हे मराठी माणसाला तरी नवल वाटू नये. अमरकोशात यकृताचा पर्याय म्हणून ‘कालखण्ड’ हा शब्द येतो. खाटकाच्या दुकानात आपण ‘कलेजी’ मागतो ती यकृताची. आणि ज्याला ‘काळीज’ म्हणून आपण हात लावतो ते मात्र छातीच्या डाव्या बाजूस. शारीरशास्त्राच्या दृष्टीने ही गफलत खरी. परंतु वैद्यकाच्या गेल्या पन्नास वर्षांतील वाटचाल पाहिली म्हणजे या गफलतीत काही शहाणपण आहे असे वाटू लागते.

1980 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चित्र हुबेहूब मद्यप्याच्या यकृताचे होते. मेदाचे थेंब, सुजलेल्या पेशी, दाह, सारे तेच. फरक इतकाच की ही माणसे मद्यपी नव्हती. त्यांतील बहुसंख्य स्थूल होती, अनेकांना मधुमेह होता, आणि स्त्रियांची संख्या अधिक होती. या आजाराला तोवर नावही नव्हते. लुडविग यांनी दिलेल्या नावात, आणि पुढे चाळीस वर्षे चाललेल्या ‘नॉनअल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ या संज्ञेत, आजार काय नाही एवढेच सांगितले होते. तो काय आहे हे नव्हे. नकारावर उभारलेली ही संज्ञा रुग्णाला दर वेळी मद्याचा खुलासा करावयास लावी. माझ्या टेबलासमोर ज्यांना गळ्यातली माळ काढून दाखवावी लागली ते गृहस्थ तिचेच बळी. अखेरीस 2023 साली अनेक देशांतील यकृततज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून हे नाव बदलले. आता यकृतात मेद आढळला आणि त्यासोबत चयापचयाच्या बिघाडाचे किमान एक लक्षण असले, म्हणजे त्याला चयापचयी बिघाडाशी निगडित मेदयकृत म्हणावे असे ठरले. नाव बदलले म्हणजे रोग बदलत नाही हे खरे. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या यकृताला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणून बसविले, हे या नामांतराचे मोल होय.

ती साक्ष कोणत्या खटल्यातली, हेही पाहिले पाहिजे. 1988 साली जेराल्ड रीव्हन यांनी मधुमेहाच्या क्षेत्रातील मानाच्या बँटिंग व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, रक्तदाब, साखर आणि रक्तातील स्निग्धांचा बिघाड ही निरनिराळी संकटे एकाच माणसाच्या वाट्याला वारंवार एकत्र येतात याचे मूळ एक आहे, आणि ते म्हणजे इन्सुलिनच्या आज्ञेला देहाने न जुमानणे. त्यांनी त्या समुच्चयाला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. पुढे ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. 2009 साली प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्थांनी मान्य केलेल्या व्याख्येनुसार पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे असली की हा समुच्चय आहे असे समजावे: वाढलेला पोटाचा घेर, जो आपल्यासारख्या आशियाई लोकांत पुरुषांना 90 व स्त्रियांना 80 सेंटीमीटर वा अधिक धरतात, ट्रायग्लिसराइडे 150 वा अधिक, एचडीएल हे हितकर कोलेस्टेरॉल पुरुषांत 40हून व स्त्रियांत 50हून कमी, रक्तदाब 130/85 वा अधिक, आणि उपाशीपोटीची साखर 100 वा अधिक. आरंभी सांगितलेल्या गृहस्थांच्या पदरी यांतील तीन कलमे, फीत धरताच, पडली होती. एसजीपीटीचा या पाचांत समावेश नाही हे वाचकाने ध्यानात ठेवावे. ते सहावे कलम नव्हे, परंतु उरलेली पाच तपासून पाहण्याची सूचना देणारे ते निशाण आहे.

यकृत आणि हा समुच्चय यांची गाठ नेमकी कोठे पडते, हा या पुस्तकाचा गाभा होय. निरोगी देहात जेवणानंतर इन्सुलिन वाढले की मेदपेशींना आज्ञा होते की, कोठार बंद ठेवा. आणि यकृताला आज्ञा होते की, नवी साखर घडविणे थांबवा. मेदपेशी ही आज्ञा मोडू लागल्या की त्यांतून स्निग्ध आम्लांचा ओघ अहोरात्र सुरू राहतो आणि तो यकृतात येऊन साचतो. यकृत स्वतःही आज्ञेचा अर्धाच भाग पाळते: साखर घडविणे ते थांबवीत नाही, परंतु साखरेपासून मेद घडविण्याची इन्सुलिनची दुसरी आज्ञा मात्र इमानेइतबारे पाळत राहते. परिणामी एकाच दफ्तरातून रक्तात जादा साखरही जाते आणि जादा ट्रायग्लिसराइडेही जातात, त्यांच्या पाठोपाठ एचडीएल उतरते, आणि कोठारात शिल्लक राहिलेल्या मेदाखाली पेशी दडपू लागतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, मोजक्याच रुग्णांवर परंतु अत्यंत बारकाईने केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात यकृतातील या मेदाचा उगम शोधला गेला. त्यांपैकी सुमारे 59 टक्के देहाच्या मेदसाठ्यांतून आलेला, सुमारे 26 टक्के यकृताने मुख्यतः साखरेपासून स्वतः घडविलेला, आणि प्रत्यक्ष आहारातील स्निग्धांपासून आलेला केवळ 15 टक्के निघाला. ज्यांनी ‘लिव्हरला चरबी’ हे ऐकताच तेलतूप वर्ज्य केले, परंतु दिवसाचे सहा कप गोड चहा आणि खुर्चीवरील बैठक तशीच चालू ठेवली, त्यांनी हे तीन आकडे शांतपणे वाचावेत.

ही वर्दी बिघाडाच्या किती आधी येते? अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी 1948 पासून चाललेल्या सुप्रसिद्ध अभ्यासाच्या दुसऱ्या पिढीतील स्त्रीपुरुषांचा वीस वर्षे मागोवा घेऊन 2008 साली काढलेला निष्कर्ष असा की, ज्यांचे एएलटी आरंभी अधिक होते त्यांना पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम आणि मधुमेह होण्याचा संभव अधिक होता. यातील मर्म असे की ‘अधिक’ म्हणजे कागदावरील मर्यादेच्या पलीकडेच असे नव्हे. मर्यादेच्या आत, परंतु वरच्या पायऱ्यांवर असलेला आकडाही काही सांगत होता. मुळात ही मर्यादाच ठरली कशी? ज्यांना निरोगी धरून ती आखली गेली त्या माणसांत ज्यांच्या यकृतात नकळत मेद साचलेला होता असेही पुष्कळ होते. चोरांना पंगतीत बसवून जेवणाचे माप ठरवावे तसे ते झाले. 2002 साली इटलीत रक्तदात्यांतून खरोखर निर्दोष चयापचयाची माणसे निवडून पुन्हा मोजमाप केले तेव्हा वरची सीमा पुरुषांत 30 आणि स्त्रियांत 19 निघाली. आपल्याकडील अनेक छापील कागदांवर ती आजही 40च्या पुढे असते.

आता या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध. तो ओढूनताणून आणावा लागत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन आहे, आणि मेदाचा विकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तीच मूर्ती उभी राहते. परंतु पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, मेद दृष्टीला चकवतो. 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, म्हणजे दोघेही कागदोपत्री सारखेच सडसडीत. परंतु क्षकिरणांनी मोजलेला देहातील मेद युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. एक मॅरेथॉन धावणारे, तर दुसऱ्यांचा व्यायाम, त्यांच्याच विनोदी कबुलीप्रमाणे, रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टची दारे मिटण्यापूर्वी तिला गाठण्याचा. या विनोदामागे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून गर्भवती स्त्रिया व त्यांच्या मुलांचा चाललेला दीर्घ अभ्यास उभा होता. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे 3.5 किलो; पोट, हात, स्नायू सारे आपल्या बाळाचे लहान, परंतु पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने राखलेला. स्नायूंत कृपण आणि मेदात सढळ अशा या देहयष्टीचा वारसा घेऊन आपण जन्मतो, हे ज्याला कळले त्याला 34ची पँट आणि 97 सेंटीमीटरांचा घेर यांत विसंगती वाटणार नाही. 2021 साली केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मेदयकृताचाही अंतर्भाव केला, तो या परिस्थितीची दखल घेऊनच.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे, कारण वर्दीला पुरावा समजणे जितके घातक तितकेच वर्दी न येणे हा निर्दोषत्वाचा दाखला समजणेही घातक. कावीळ ‘बी’ व ‘सी’ या विषाणूंनी, क्षयावरील औषधांनी, घटक ठाऊक नसलेल्या काढ्या-चूर्णांनी आणि मद्यानेही हीच विकरे वाढतात. दांडगा व्यायाम केल्यावर स्नायूंतून एएसटी रक्तात उतरते. उलटपक्षी, यकृतात मेद, इतकेच काय पण व्रणतंतूही असताना एएलटी अगदी सरळ असू शकते; मधुमेही रुग्णांत हे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि यकृत संकोचू लागले म्हणजे तर हा आकडा कित्येकदा आपण होऊन खाली येतो. ओरडणारा थकून गप्प बसला म्हणजे आग विझली असे होत नाही. म्हणून वय, दोन्ही विकरे आणि रक्तबिंबिका यांवरून काढलेला फिब-फोर हा साधा गुणांक, आणि गरजेप्रमाणे यकृताचा ताठरपणा मोजणारे यंत्र, यांचा आधार चिकित्सक घेतात. त्यांचे विवेचन उत्तरार्धात केले आहे.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे: आधी यकृताचा कारभार, मग विकरांची ओळख, मग लक्षणसमूहाचे पाच धागे, आणि शेवटी उपाय. उपायांचे प्रकरण सर्वांत लहान आहे, याबद्दल काही वाचक रुष्ट होतील. परंतु सांगण्यासारखे थोडे आहे आणि करण्यासारखे पुष्कळ. क्यूबातील हवाना येथे 293 रुग्णांवर वर्षभर केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांनी आपले वजन 10 टक्के वा अधिक उतरविले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या यकृतातील दाह मावळला होता. मात्र तेवढा पल्ला गाठणारे सुमारे दहांत एकच निघाले. 2024 साली अमेरिकेत या आजारावरील पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु औषध यकृतावर चालते, आणि खटला तर अवघ्या देहाचा आहे. मेदयकृताचे रुग्ण बहुतांशी यकृताच्या विकाराने दगावत नाहीत. त्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे रोग हेच ठरते. कलेजीची वर्दी शेवटी काळजाविषयीच असते, आणि आपल्या भाषेने दोहोंना एका घराण्यात ठेवले ते काही वाया गेले नाही.

हे पुस्तक वैद्यांसाठी नाही; ज्यांच्या हाती तसा कागद आला आहे त्यांच्यासाठी आहे. ज्या असंख्य रुग्णांनी आपल्या शंका निःसंकोचपणे विचारून मला पुनःपुन्हा विद्यार्थी केले, त्यांचे ऋण मी मानतो. त्यांतील ते माळकरी गृहस्थ मला विशेष आठवतात. त्यांना मी एवढेच म्हटले होते की, “तुम्ही वारीत अडीचशे किलोमीटर चालता आणि उरलेले अकरा महिने खुर्चीत बसता, ती वारी वर्षभर पुरवून चाला.” वर्षाने ते आले तेव्हा वजन 78 वरून 72 वर उतरले होते आणि एसजीपीटीचा 35 हा आकडा कागदावर साध्या अक्षरांत छापलेला होता. “आता कागद चोख झाला ना, डॉक्टरसाहेब?” बाईंनी विचारले. मी खणातून फीत काढली. ती 91वर थांबली. गृहस्थांनी मान वाकवून स्वतःच आकडा वाचला, आणि आयुष्यभर जमाखर्च लिहिलेल्या माणसाच्या सवयीने म्हणाले, “थोडी बाकी आहे अजून.”

पुणे, विजयादशमी